काटकसरीचा पैसा जातो कुठे?

८ नोव्हेंबर २०१६ रोजी रात्री आठ वाजता पाचशे आणि हजार रुपयांच्या नोटा चलनातून बाद झाल्याची घोषणा झाली, आणि पुढल्या काही तासांत महाराष्ट्रातील असंख्य स्वयंपाकघरांतून एक गुपित बाहेर पडले. तांदळाच्या डब्यात, साड्यांच्या घडीत, देवघराच्या फळीमागे, जुन्या पर्समध्ये ठेवलेल्या नोटा गृहिणींना कुटुंबासमोर मांडाव्या लागल्या. कुणाचे चार हजार निघाले, कुणाचे चाळीस हजार. घरखर्चातून वर्षानुवर्षे वाचवलेला हा पैसा नवऱ्याला ठाऊक नव्हता, मुलांना ठाऊक नव्हता आणि अर्थातच सरकारलाही ठाऊक नव्हता.

या बचतीचे करायचे काय, हा प्रश्न तेव्हा सरकारपुढेही उभा राहिला. अडीच लाख रुपयांपर्यंतच्या ठेवींबाबत गृहिणींना त्रास दिला जाणार नाही, असे आश्वासन देण्यात आले. पुढे २०२१ मध्ये आयकर अपिलीय न्यायाधिकरणाच्या आग्रा खंडपीठाने एका गृहिणीच्या प्रकरणात नोटाबंदीच्या काळात भरलेली अडीच लाखांपर्यंतची रोकड ही तिचे करपात्र उत्पन्न मानता येणार नाही, असा निर्णय दिला. घरखर्चातून पैसा शिल्लक पडतो आणि तो शिल्लक पाडणे हे कष्टाचे काम आहे, या साध्या गोष्टीला त्या निमित्ताने जणू कायदेशीर मान्यताच मिळाली.

डब्यातली ती बचत आज कुठे आहे, हा प्रश्न त्यानंतर फारसा कुणी विचारला नाही. तो विचारण्याची वेळ आता आली आहे. कारण शहरी मध्यमवर्गीय घरांत काटकसरीच्या सवयी संपूर्णपणे गेलेल्या नाहीत. कोथिंबिरीच्या जुडीसाठी घासाघीस आजही होते, साबणाची चकती नव्या वडीला आजही चिकटवली जाते. तरीही महिनाअखेरीस हाती काही उरत नाही, ही तक्रार घरोघरी ऐकू येते. काटकसर आहे, पण बचत नाही, असे हे विचित्र चित्र आहे.

आकडे काय सांगतात?

रिझर्व्ह बँकेच्या आकडेवारीनुसार देशातील कुटुंबांची निव्वळ आर्थिक बचत २०२०-२१ मध्ये सकल राष्ट्रीय उत्पन्नाच्या ११.५ टक्के होती. करोनाच्या टाळेबंदीत दुकाने, उपाहारगृहे, प्रवास सारेच बंद असल्याने खर्च आपोआप आटला होता. मात्र अवघ्या दोन वर्षांत, २०२२-२३ मध्ये, हे प्रमाण ५ टक्क्यांच्या आसपास येऊन ठेपले. सुमारे पाच दशकांतील हा नीचांक असल्याची चर्चा त्या वेळी झाली.

यावर केंद्रीय अर्थ मंत्रालयाने केलेला खुलासाही लक्षात घ्यायला हवा. लोकांनी घरे आणि वाहने खरेदी करण्यासाठी कर्जे काढली, त्यामुळे निव्वळ बचत कमी दिसते. हा संकटाचा नव्हे, तर पसंती बदलल्याचा परिणाम आहे, असे मंत्रालयाचे म्हणणे होते. ते काही अंशी खरे आहे. निव्वळ बचत म्हणजे ठेवी, विमा, निधी यांत टाकलेल्या पैशातून घेतलेले कर्ज वजा करून उरलेली रक्कम. घरासाठी कर्ज घेतले तर हा आकडा घसरतो, पण घर उभे राहते. अडचण एवढीच की सगळी कर्जे घरासाठी नाहीत. कुटुंबांवरील एकूण कर्ज हे २०२४ च्या अखेरीस राष्ट्रीय उत्पन्नाच्या ४२ टक्क्यांच्या घरात होते आणि त्यात गृहकर्जाव्यतिरिक्तच्या कर्जांचा वाटा निम्म्याहून अधिक आहे. विनातारण वैयक्तिक कर्जांचा वेग पाहून रिझर्व्ह बँकेने नोव्हेंबर २०२३ मध्ये अशा कर्जांवरील जोखीमभार १०० वरून १२५ टक्के केला, तो उगीच नव्हे.

टंचाईने शिकवलेली शिस्त

मराठी मध्यमवर्गाची काटकसर ही मुळात टंचाईची लेक. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४३ मध्ये, मुंबईत शिधावाटप सुरू झाले आणि रेशनकार्ड हा घरातील महत्त्वाचा दस्तऐवज बनला. १९६५ मध्ये पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांनी आठवड्यातून एक वेळचे जेवण सोडण्याचे आवाहन केले. १९७२ च्या दुष्काळात रेशनवर आलेला मिलो लोकांनी नाक मुरडत का होईना, पण खाल्ला. त्याच वर्षी मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर आदींच्या पुढाकाराने मुंबईत महागाई प्रतिकार संयुक्त महिला समिती स्थापन झाली आणि लाटणे हातात घेऊन गृहिणी रस्त्यावर उतरल्या. घरातला हिशेब आणि सरकारचे धोरण यांचा थेट संबंध असतो, हे त्या मोर्चांनी दाखवून दिले.

त्या काळातील सवयी वेगळ्या सांगायला नकोत. उन्हाळ्यात वर्षाचे धान्य भरणे, गच्चीवर पापड-कुरडया वाळवणे, जुन्या लुगड्यांच्या गोधड्या शिवणे, बोहारणीला कपडे देऊन भांडी घेणे, रद्दीचे पैसे वेगळे ठेवणे, थोरल्याची पुस्तके धाकट्याला देणे. यांतील प्रत्येक गोष्टीमागे पक्का हिशेब होता. सुगीनंतर धान्य स्वस्त असते म्हणून साठवण, आणि कापडाला अखेरच्या धाग्यापर्यंत मोल असते म्हणून गोधडी.

खरेदी एकत्र केल्यास स्वस्त पडते, हेही या शहराने फार पूर्वी ओळखले होते. गिरणगावात १९४८ मध्ये ‘अपना बाजार’ची चळवळ सुरू झाली. १९७५ मध्ये स्थापन झालेल्या मुंबई ग्राहक पंचायतीने शेजारपाजारच्या कुटुंबांचे संघ करून महिन्याचे वाणसामान थेट घाऊक बाजारातून आणण्याची पद्धत रुजवली. या पद्धतीचा एक दुर्लक्षित फायदा असा की, यादी महिनाभर आधी द्यावी लागते. आधी केलेली यादी हीच मुळी निम्मी काटकसर असते. २००२ मध्ये पवईत ‘डी-मार्ट’चे पहिले दुकान उघडले आणि सवलतीचा माल सर्वांच्या आवाक्यात आला, पण यादी मात्र मागे पडली. घाऊक दराचा फायदा व्यक्तिगत झाला आणि ‘एकावर एक मोफत’च्या पाटीखाली लागणाऱ्या वस्तूबरोबर न लागणारीही घरी येऊ लागली.

खर्चाची जागा बदलली

जुनी काटकसर आज कमी का पडते, याचे उत्तर खर्चाच्या बदललेल्या रचनेत आहे. राष्ट्रीय नमुना पाहणीनुसार १९९९-२००० मध्ये शहरी कुटुंबाच्या दरमहा खर्चापैकी ४८ टक्के रक्कम खाद्यपदार्थांवर जात असे. २०२३-२४ च्या पाहणीत हे प्रमाण ४० टक्क्यांच्या किंचित खाली आले आहे. शहरी भागातील दरडोई मासिक खर्च या पाहणीत सरासरी ६,९९६ रुपये आढळला. म्हणजे चार जणांच्या कुटुंबाचा खर्च महिन्याला सुमारे २८ हजार रुपये, आणि त्यातील जवळपास १७ हजार रुपये स्वयंपाकघराबाहेरचे.

अन्नावरील खर्चातही मोठा पालट झाला आहे. शहरी कुटुंबाच्या खाद्यखर्चात आता सर्वांत मोठा वाटा धान्याचा नाही, दुधाचाही नाही. तो पेये, तयार खाद्यपदार्थ आणि प्रक्रिया केलेल्या अन्नाचा आहे. एकूण खर्चाच्या सुमारे ११ टक्के रक्कम एकट्या या वर्गावर जाते. थोडक्यात, गृहिणी ज्या भाजीच्या भावावर डोळ्यात तेल घालून लक्ष ठेवते, त्या भाजीपेक्षा मोठी रक्कम घरातील सर्वांच्या हातून नकळत तयार खाण्यावर खर्च होते.

महागाईचेही तसेच. जुलै २०२३ मध्ये टोमॅटोच्या भावाने देशभर ओरड झाली आणि किरकोळ महागाईचा दर ७.४४ टक्क्यांवर गेला. ऑक्टोबर २०२५ मध्ये हाच दर अवघ्या ०.२५ टक्क्यांवर उतरला. भाज्या, डाळी स्वस्त झाल्या होत्या. तरीही त्या महिन्यात शहरी कुटुंबांच्या हाती लक्षणीय रक्कम उरल्याचा अनुभव फारसा कुणाला आला नाही. घरभाडे, शाळेची फी, दवाखाना, प्रवास आणि कर्जाचा हप्ता या गोष्टी मंडईतील भावाबरोबर खाली येत नाहीत.

गॅस आणि विजेचा हिशेब

याचा अर्थ घरगुती काटकसर निरुपयोगी झाली, असा मात्र नाही. ती कुठे करायची, हे हिशेबाने ठरवावे लागते.

स्वयंपाकाच्या गॅसचे उदाहरण घेता येईल. एप्रिल २०२५ मधील ५० रुपयांच्या वाढीनंतर मुंबईत घरगुती सिलिंडरची किंमत ८५२ रुपये ५० पैसे झाली होती. एखाद्या घरात सिलिंडर ३० दिवस पुरत असेल आणि काही सवयी बदलून तो ३६ दिवस पुरला, तर वर्षाला दोन सिलिंडर वाचतात. त्या दराने ही बचत सुमारे १,७०० रुपयांची होते. सवयी कोणत्या, तर डाळ-तांदूळ आधी भिजवणे, उघड्या पातेल्याऐवजी कुकर वापरणे, उकळी आल्यावर आच मंद करणे, भांड्यावर झाकण ठेवणे, बर्नर स्वच्छ राखणे, फ्रिजमधील पदार्थ बाहेर काढून काही वेळाने गरम करणे आणि सर्वांनी एकदाच जेवायला बसणे. इंधन बचतीचा प्रचार करणाऱ्या ‘पीसीआरए’ या सरकारी संस्थेने सत्तरच्या दशकाच्या अखेरीपासून यातील बहुतेक गोष्टी सांगितल्या आहेत. शेवटची गोष्ट मात्र फ्लॅटमधील चौघांच्या चार वेळापत्रकांमुळे सर्वांत अवघड होऊन बसली आहे.

विजेच्या बाबतीत चित्र अधिक स्पष्ट आहे. छताचा साधा पंखा सुमारे ७५ वॅट वीज घेतो, तर नव्या बीएलडीसी तंत्राचा पंखा ३० वॅटच्या आसपास. दिवसाला बारा तास आणि वर्षाला तीनशे दिवस पंखा चालला, तर एका पंख्यामागे १६२ युनिटची बचत होते. युनिटला दहा रुपये धरले, तर १,६२० रुपये. दोन पंख्यांचे ३,२४० रुपये. साध्या पंख्यापेक्षा या पंख्याची किंमत हजार-दीड हजार रुपयांनी जास्त असली, तरी तो फरक साधारण वर्षभरात वसूल होतो.

येथे टप्प्यांच्या दराचा मुद्दा महत्त्वाचा आहे. राज्यात घरगुती विजेचा दर वापरानुसार टप्प्याटप्प्याने वाढतो. वाचवलेले युनिट हे नेहमी सर्वांत वरच्या, म्हणजे सर्वांत महाग टप्प्यातील असते. म्हणून ज्या घराचे बिल तीनशे युनिटच्या सीमेवर रेंगाळते, त्या घराला थोड्या बचतीचाही फायदा मोठा होतो. वातानुकूलन यंत्राचे तापमान एक अंशाने वाढवल्यास सुमारे सहा टक्के वीज वाचते, असे ऊर्जा कार्यक्षमता ब्युरो सांगतो. जानेवारी २०२० पासून नव्या यंत्रांत २४ अंश हे मूळ तापमान ठरवून देण्यात आले आहे. एलईडी दिव्यांची गोष्टही बोलकी आहे. २०१५ मध्ये सुरू झालेल्या ‘उजाला’ योजनेत घाऊक खरेदीमुळे दिव्याच्या किमती झपाट्याने उतरल्या आणि देशभर ३६ कोटींहून अधिक दिवे वाटले गेले. कुणालाही अंधारात बसावे लागले नाही. एकदाच विचारपूर्वक घेतलेला निर्णय रोजच्या शंभर सूचनांपेक्षा अधिक पैसे वाचवतो, हा त्याचा धडा आहे. खोलीतून बाहेर पडताना दिवा बंद करा, असे मुलांना वर्षभर ओरडत राहण्यापेक्षा दिवा बदलणे सोपे.

वाया जाणारे अन्न हा तिसरा विषय. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या २०२४ च्या अहवालात भारतातील घरांत माणशी वर्षाला ५५ किलो अन्न वाया जाते, असा अंदाज दिला आहे. जागतिक सरासरी ७९ किलोची आहे, त्यामुळे आपण त्यातल्या त्यात बरे. शिळ्या भाताचा फोडणीचा भात आणि शिळ्या पोळीचा कुस्करा करणाऱ्या पिढीचे हे पुण्य असावे. परंतु चौघांच्या कुटुंबामागे २२० किलो हा आकडाही लहान नव्हे.

गळती कुठे आहे?

वरील हिशेबात गॅस आणि पंखे मिळून वर्षाला सुमारे ४,९४० रुपये वाचले. आता दुसऱ्या बाजूचा हिशेब पाहू. क्रेडिट कार्डावर २० हजार रुपयांची थकबाकी राहिली आणि व्याजाचा दर महिन्याला साडेतीन टक्के असला, तर दरमहा ७०० रुपये व्याज आणि त्यावर १८ टक्के वस्तू व सेवा कर, असे ८२६ रुपये जातात. सहा महिन्यांत ४,९५६ रुपये. म्हणजे वर्षभर कुकरच्या शिट्ट्या मोजून जे साधले, ते सहा महिन्यांच्या थकबाकीत धुऊन निघाले.

आजच्या घरांतील काटकसर आणि बचत यांची ताटातूट होते ती नेमकी येथे. पूर्वी पैसा खर्च करताना तो हातातून जाताना दिसे. पाकीट हलके होत असे. २०१६ मध्ये सुरू झालेल्या यूपीआयने देवघेव अत्यंत सोपी केली; ऑगस्ट २०२५ या एका महिन्यात देशात दोन हजार कोटींहून अधिक व्यवहार या मार्गाने झाले. ही सोय नाकारण्याचे कारण नाही. पण वीस-तीस रुपयांची दहा देणी दिवसात झाली, तर ती कुणाच्या लक्षात राहत नाहीत. दहा मिनिटांत घरपोच वस्तू आणणाऱ्या सेवांनी यादीची गरजच संपवली आहे. मीठ संपले म्हणून मागवायला जावे, तर ठरावीक रकमेच्या आत घरपोच शुल्क लागते. ते टाळण्यासाठी आणखी दोन वस्तू घेतल्या जातात. शुल्क वाचल्याचे समाधान मिळते आणि खर्च वाढतो.

बिनव्याजी हप्त्यांचाही मोह असाच. शून्य टक्के व्याज ही कल्पनाच अस्तित्वात नाही, असे रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१३ मध्येच बँकांना सुनावले होते. व्याज कुठे तरी असतेच. कधी ते प्रक्रिया शुल्कात दडते, कधी नाकारलेल्या रोख सवलतीत. तरीही ‘महिन्याला फक्त इतके’ ही भाषा एकूण किमतीचा विसर पाडते. अंथरूण पाहून पाय पसरावेत, असे आजी सांगत असे. आता अंथरूणच हप्त्यावर मिळते, त्यामुळे ते किती लांब आहे याचा अंदाज येत नाही.

काटकसरीचे ओझे कुणावर?

या साऱ्या चर्चेत एक गोष्ट गृहीत धरली जाते, ती म्हणजे काटकसर करायची ती घरातल्या बाईने. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळवापर पाहणीत घरकाम करणाऱ्या स्त्रिया दिवसाला सरासरी २८९ मिनिटे विनामोबदला घरकामात घालवतात, तर पुरुष ८८ मिनिटे, असे आढळले. २०१९ मध्ये हे आकडे अनुक्रमे २९९ आणि ९७ होते. स्त्रियांची दहा मिनिटे कमी झाली, पुरुषांचीही नऊ.

काटकसर म्हणजे अनेकदा पैशाऐवजी वेळ खर्च करणे असते. तयार पीठ न आणता दळण आणायचे, तर गिरणीत कुणी तरी जावे लागते. पोळ्या बाहेरून न आणता घरी करायच्या, तर कुणी तरी तासभर ओट्यापाशी उभे राहावे लागते. नोकरी करून संध्याकाळी लोकलच्या गर्दीतून घरी परतणाऱ्या स्त्रीने शेजारच्या पोळीभाजी केंद्रातून दहा पोळ्या घेतल्या, तर तिला उधळी म्हणणे अन्यायाचे ठरेल. त्या केंद्रात आणखी कुणा स्त्रीची चूल पेटत असते. १९५९ मध्ये गिरगावात सात जणींनी ८० रुपयांच्या उसनवारीवर सुरू केलेला लिज्जत पापडाचा उद्योग असाच दुसऱ्यांच्या घरातील वेळ वाचवत वाढला.

म्हणून काटकसरीचा खरा प्रश्न घरातील सर्वांनी मिळून सोडवायचा आहे. खर्चाची वही एकीने लिहायची आणि कार्ड दुसऱ्याने वापरायचे, या व्यवस्थेत शिल्लक पडणे कठीण. भाजीवाल्याशी पाच रुपयांवरून होणारी घासाघीस काटकसर मानली जाते, पण त्याच घरातील नवा फोन किंवा मोठी गाडी ‘गरज’ ठरते. या निर्णयांत गृहिणीचे मत विचारले जाते का, यावर पुष्कळ अवलंबून आहे. ज्या माणसाकडून हातरोखून धरण्याची अपेक्षा असते, तिच्याकडे घराच्या मोठ्या आर्थिक निर्णयांचा अधिकार नसणे, ही आपल्या काटकसरीतील सर्वांत मोठी विसंगती म्हणावी लागेल.

दुसरी बाजू अशी की, काटकसरीला मर्यादा असतात. ज्या घरात महिन्याचे उत्पन्नच जेमतेम आहे, तेथे काय वाचवा हे सांगणे क्रूरपणाचे आहे. मध्यमवर्गातही मुलांचे दूध, वृद्धांची औषधे, डॉक्टरांनी सांगितलेली तपासणी यांवर कात्री चालवणे ही काटकसर नव्हे. औषधांच्या बाबतीत पर्याय शोधता येतो. जन औषधी केंद्रांतील औषधे नाममुद्रित औषधांपेक्षा ५० ते ८० टक्के स्वस्त असल्याचा सरकारचा दावा आहे. डॉक्टरांना विचारून रोजच्या गोळ्या तेथून घेता आल्या, तर मधुमेह वा रक्तदाब असलेल्या घरात होणारी बचत मोठी असते. औषध टाळणे आणि तेच औषध स्वस्तात घेणे, यांतला फरक हाच कंजूषी आणि काटकसर यांतला फरक आहे.

वाचवलेला पैसा वेगळा काढा

थेंबे थेंबे तळे साचे, ही म्हण खरी असली तरी त्यासाठी खाली तळे असावे लागते. विजेचे बिल चारशे रुपयांनी कमी आले, तर ते चारशे रुपये खात्यात आपोआप वेगळे पडत नाहीत. दुसऱ्याच दिवशी ते कशात तरी विरघळून जातात. डब्यातल्या बचतीचे वैशिष्ट्य असे होते की, उरलेली नोट लगेच डब्यात जात असे. तिचा घरखर्चाशी संबंध संपत असे. आजच्या काटकसरीतून नेमकी हीच पायरी गळाली आहे.

गॅस आणि विजेतून दरमहा ४०० रुपये वाचले आणि आठवड्यातून एकदा बाहेरून मागवले जाणारे ४०० रुपयांचे जेवण बंद करून महिन्याला १,६०० रुपये वाचवले, असे समजू. महिन्याचे दोन हजार झाले. १९६८ पासून सुरू असलेल्या सार्वजनिक भविष्य निर्वाह निधीत, म्हणजे पीपीएफमध्ये, ही रक्कम दर महिन्याला भरली आणि एप्रिल २०२० पासून लागू झालेला ७.१ टक्के व्याजदर कायम राहिला असे धरले, तर पंधरा वर्षांत भरलेल्या ३ लाख ६० हजारांचे सुमारे ६ लाख ३० हजार रुपये होतात. महागाईमुळे तेव्हाच्या सहा लाखांची किंमत आजच्या सहा लाखांइतकी नसेल. तरीही मुलीच्या शिक्षणाच्या एका वर्षाची किंवा एखाद्या शस्त्रक्रियेची तरतूद त्यातून होऊ शकते.

बचतीची जुनी सक्तीही आता सैल झाली आहे. कर वाचवण्यासाठी मार्च महिन्यात पोस्टात आणि विमा प्रतिनिधीकडे होणारी धावपळ अनेकांना आठवत असेल. २०२३-२४ पासून नवी करप्रणाली ही मूळ प्रणाली झाली आणि तिच्यात पीपीएफ, विमा आदींवरील ८०-सी कलमाची वजावट मिळत नाही. २०२५-२६ पासून तर बारा लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर या प्रणालीत करच भरावा लागत नाही. हाती अधिक पैसा आला, ही स्वागतार्ह गोष्ट आहे. पण निदान कराच्या भीतीने होणारी बचतही त्यामुळे ऐच्छिक झाली.

पैसा ठेवायचा कुठे, याबाबतही सावधगिरी हवी. मैत्रिणींची भिशी ही विश्वासावर चालणारी उत्तम शिस्त आहे, पण ओळखीपाळखीच्या पलीकडे पसरलेल्या भिशीत कष्टाचा पैसा बुडाल्याची उदाहरणे कमी नाहीत. २०१९ च्या कायद्याने अनियंत्रित ठेव योजनांवर बंदी आली, तरी जादा व्याजाचा मोह कायद्याने जात नाही. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेवर रिझर्व्ह बँकेने निर्बंध घातले, तेव्हा ठेवीदारांना सुरुवातीला केवळ एक हजार रुपये काढण्याची मुभा होती. मुंबई परिसरातील कितीतरी कुटुंबांनी आयुष्यभराची काटकसर त्या रांगेत उभी राहिलेली पाहिली. त्यानंतर फेब्रुवारी २०२० मध्ये ठेवींवरील विम्याची मर्यादा एक लाखावरून पाच लाख रुपये करण्यात आली. सर्व ठेवी एकाच ठिकाणी ठेवू नयेत, पाच लाखांची मर्यादा ध्यानात ठेवावी आणि प्रत्येक खात्याला नामनिर्देशन करावे, हे काटकसरीइतकेच आवश्यक आहे.

सगळ्यांनीच हात आखडता घेतला तर बाजाराचे काय होईल, अशी शंका अर्थशास्त्रात जुनी आहे. मंदीच्या काळात प्रत्येकाची काटकसर मिळून सर्वांचे उत्पन्न घटवू शकते, असा इशारा केन्स यांनी दिला होता. मात्र येथे प्रश्न खर्च थांबवण्याचा नसून कर्जावरचा आणि नकळत होणारा खर्च आवरण्याचा आहे. बँकेत वा पोस्टात गेलेला पैसा पडून राहत नाही. तो कुणाच्या तरी कारखान्याला, कुणाच्या तरी घराला आणि सरकारच्या कामांना लागतो. देशांतर्गत बचत आटली, तर त्याच कामांसाठी बाहेरून पैसा आणावा लागतो.

२०१६ च्या त्या रात्री डब्यातून बाहेर पडलेल्या नोटांपैकी काही गृहिणींच्या स्वतःच्या खात्यात गेल्या, तर बऱ्याच घरच्या सामाईक खात्यात मिसळून गेल्या. ज्यांच्या मिसळल्या, त्यांच्याकडे पुन्हा तसा डबा भरला गेला की नाही, हे कोणत्याही पाहणीत नोंदले जाणार नाही. डब्यात व्याज मिळत नसे आणि नोटा रातोरात कागद ठरू शकत, हे त्या वेळी कळले. पण त्या पैशावर जिने तो वाचवला तिचा हक्क होता, अडीअडचणीला तो तिच्या शब्दावर बाहेर निघत असे. आता डब्याच्या जागी खाते आले आहे. घरातील काटकसर खरोखर पुन्हा बचतीत उतरवायची असेल, तर ते खाते तिच्या नावावर असणे आणि दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात त्यात ठरलेली रक्कम पडणे, एवढ्या दोन गोष्टींपासून सुरुवात करता येईल. पंखा नंतर बदलला तरी चालेल.